आक्रोशाला न धावणारे

पुण्याच्या स्वारगेट आगारात २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे फलटणच्या गाडीची वाट पाहत असलेल्या एका तरुणीला, गाडी पलीकडे लागली आहे अशी थाप मारून एका इसमाने अंधारात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये नेले आणि तेथे तिच्यावर अत्याचार केला, अशी फिर्याद दाखल झाल्यावर महाराष्ट्रात जी चर्चा उसळली, तिचे ओघ पहिल्या दिवसापासूनच ठरून गेले होते. एक ओघ बंदोबस्ताचा होता: पहारेकरी काय करीत होते, दिवे का नव्हते, आगारात पडून राहिलेल्या जुन्या गाड्यांत दारूच्या बाटल्या कशा सापडल्या, पोलीस ठाणे इतके जवळ असताना गस्त कोठे होती. दुसरा ओघ शिक्षेचा: भर चौकात फाशी द्या, हातपाय तोडून चौरंग करा. आणि तिसरा, ज्याची आपणा सर्वांना लाज वाटली पाहिजे असा, त्या तरुणीच्याच झडतीचा: आसपास माणसे असताना तिने आरडाओरड का केली नाही? हा प्रश्न केवळ रिकामटेकड्यांच्या बैठकीत विचारला गेला असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु तेथे दहापंधरा माणसे होती, तरी झटापट अशी झाली नाही, अशा अर्थाचे विधान राज्याच्या गृहखात्याच्या एका राज्यमंत्र्यांनीच केले. आरोपी तीन दिवसांत शिरूर तालुक्यातील गुनाट गावच्या शिवारात पकडला गेला. त्याचा दोष ठरविणे हे न्यायासनाचे काम आहे आणि त्यात मी पडत नाही. मला जो प्रश्न अस्वस्थ करतो तो या तिन्ही ओघांच्या तळाशी असून वर क्वचितच येतो: हमरस्त्यावर, स्थानकात, धावत्या डब्यात पातक घडते तेव्हा त्या पातकाचे वाटेकरी कोण कोण असतात?

आपल्या परंपरेला हा प्रश्न नवा नाही. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी ज्या धर्मशास्त्राचा इतिहास आयुष्य वेचून लिहिला, त्या धर्मशास्त्रातील राजधर्म आणि व्यवहार ही प्रकरणे वाचणाऱ्याला प्रथम आश्चर्य वाटते ते हे की, चोरी आणि मारहाण यांचा विचार करताना तेथे केवळ चोर आणि धनी अशी दोनच पात्रे उभी केलेली नाहीत. याज्ञवल्क्यस्मृती सांगते की, चोरांनी नेलेले द्रव्य प्रजाजनाला राजाने भरून द्यावे, आणि न देईल तर त्या अपहाराचे पाप राजाच्या माथी बसते. गावाच्या हद्दीत हत्या किंवा चोरी झाली आणि चोराचा माग गावाबाहेर गेलेला दिसला नाही तर दोष ग्रामाधिकाऱ्याचा. वाटेवर झाली तर त्या वाटेवरील कुरणाची राखण ज्याच्याकडे असेल त्याचा. आणि जेथे असा कोणी नाही तेथे चोर धरण्यासाठी नेमलेल्या अंमलदाराचा. वाटसरूच्या रक्षणाचा एवढा बारकाईने केलेला विचार मनाशी ठेवून आपल्याकडच्या प्रत्येक घटनेनंतरचा तो परिचित देखावा पाहावा: आगार म्हणते पहारा ठेकेदाराचा, ठेकेदार म्हणतो माणसे अपुरी, पोलीस म्हणतात जागा महामंडळाची. ज्या राज्याने १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.च्या प्रवासभाड्यात निम्मी सवलत देऊन प्रवासाचे जाहीर आमंत्रण दिले, त्या राज्याला हद्दीचा हा वाद घालण्याचा अधिकारच उरत नाही, असे मला वाटते. स्त्री घराबाहेर पडली ती आपल्या जोखमीवर पडली, हा विचार त्या सवलतीच्या हुकुमाबरोबरच निकालात निघायला हवा होता.

परंतु राजावर दोष टाकून स्मृतिकार थांबलेले नाहीत. गाव लुटले जात असता, बांध फुटत असता किंवा वाटेवर वाटमारी दृष्टीस पडली असता जे शक्ती असूनही धावून जात नाहीत, त्यांना त्यांच्या चीजवस्तूंसह हद्दपार करावे, असे मनूचे वचन आहे. याज्ञवल्क्याने तर दंडास पात्र असलेल्यांच्या यादीत दोघांना एकापाठोपाठ एक असे बसवले आहे: आक्रोश ऐकूनही जो धावत नाही तो, आणि कारण नसता जो आक्रोश करतो तो. या जोडीकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. हाक आणि धाव यांचा येथे करार आहे. हाक खोटी असू नये ही एक बाजू आणि खऱ्या हाकेला धाव चुकू नये ही दुसरी. आता आपल्या आजच्या कायद्याकडे वळावे. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाचे १४१ वे कलम सबळ कारणावाचून धोक्याची साखळी ओढणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगते, आणि तो इशारा प्रत्येक डब्यात साखळीखाली छापलेला असतो. डब्यात उघड्या डोळ्यांसमोर एखाद्याचा जीव जात असता जो प्रवासी साखळीला हात लावीत नाही त्याला मात्र कोणतेही कलम काही विचारीत नाही. दुसऱ्याच्या देहाचे रक्षण करण्याचा हक्क भारतीय न्याय संहितेने प्रत्येकाला दिलेला आहे. कर्तव्य मात्र सांगितलेले नाही. पोलीस किंवा दंडाधिकारी यांनी मागणी केली तरच नागरिकाने मदतीस जाण्याचे बंधन आहे. म्हणजे कराराची एक बाजू आपण जपली आणि दुसरी गमावली. धाव ही नोकरशाहीकडे गेली, पगारी झाली. आणि जो पगार घेत नाही तो आपोआप प्रेक्षक ठरला.

मात्र जुन्या ग्रंथांचा गौरव करणाऱ्याने याज्ञवल्क्याचा तो श्लोक अर्ध्यावर सोडून चालणार नाही. ज्या श्लोकात आक्रोशाला न धावणारा दंडनीय ठरतो, त्याच श्लोकाच्या अखेरीस, उच्चवर्णीयाला स्पर्श करणारा चांडाळही दंडनीय ठरविलेला आहे. हे वाचताना मन थबकते. धावण्याची सक्ती करणाऱ्या समाजाने काही माणसांच्या स्पर्शालाच अपराध मानले होते, तर त्या माणसांच्या आक्रोशाला कोण धावत असेल आणि धावलाच तर कोणत्या हाताने त्यांना उचलीत असेल? डॉ. आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला याच परंपरेतील मनुस्मृतीचे दहन केले, त्यामागचे कारण उमगायला हा एक श्लोकही पुरेसा आहे. तेव्हा ही वचने मी प्रमाण म्हणून पुढे ठेवीत नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न खरा होता आणि त्यांनी स्वतःच त्या प्रश्नाच्या कक्षेतून माणसांना वगळले होते, एवढ्यासाठीच ती मला महत्त्वाची वाटतात. कारण वगळण्याची ती रीत अद्याप गेलेली नाही. १४ ऑगस्ट २००२ च्या रात्री मुंबईत बोरिवलीकडे जाणाऱ्या लोकलच्या डब्यात एका मतिमंद अल्पवयीन मुलीवर मोजक्या पुरुष प्रवाशांच्या देखत बलात्कार झाला. कोणी वेळीच मध्ये पडले नाही. त्यानंतर सारे शहर त्या प्रवाशांना नावे ठेवीत होते आणि ते योग्यच होते. परंतु तिच्या जागी त्यांच्या सोसायटीतील, त्यांच्या कचेरीतील एखादी मुलगी असती तर ते उठले असते की नाही, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. मला वाटते, एखादा तरी उठला असता. जी आपली नाही असे आपण आधीच ठरवून टाकले, तिच्यासाठी पाय उचलत नाहीत.

महाभारताच्या सभापर्वात हा विचार अधिक खोल गेलेला आहे. द्रौपदीने विचारलेल्या प्रश्नाला ती सबंध सभा उत्तर देत नाही. धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून भीष्म मोकळे होतात; कौरवांपैकी एकटा विकर्ण उठून बोलतो आणि त्याला दटावून बसवले जाते. त्या वेळी विदुर सभासदांना प्रल्हादाची कथा सांगतो. आपला पुत्र विरोचन आणि ब्राह्मण सुधन्वा यांच्या वादात निवाडा देण्याची पाळी आलेला प्रल्हाद कश्यपाला विचारतो की, प्रश्नाचे उत्तर जाणूनही न देणाऱ्याची गती काय. आणि कश्यप पातकाची वाटणी सांगतो. जेथे निंद्य कर्माची निंदा होत नाही, तेथे त्या पातकाचा अर्धा भाग सभेत जो श्रेष्ठ असेल त्याच्याकडे जातो, चौथा भाग करणाऱ्याकडे आणि उरलेला चौथा भाग गप्प बसलेल्या सभासदांकडे. ही वाटणी प्रथम वाचली की मन बंड करते. वस्त्राला हात घालणाऱ्या दुःशासनाला केवळ चौथा हिस्सा? परंतु कश्यप पुढे जे सांगतो त्यात या सिद्धांताचे हृद्गत आहे. जेथे निंदेला पात्र असलेल्याची निंदा होते, तेथे श्रेष्ठ निष्पाप होतो, सभासद मुक्त होतात आणि सारे पातक करणाऱ्याकडे जाते. याचा अर्थ असा की, गुन्हेगाराचा गुन्हा सर्वस्वी त्याचा एकट्याचा होणे ही आपोआप घडणारी गोष्ट नाही. भोवतालच्यांनी आपापले काम चोख केलेले असेल, तरच तो तसा होतो.

फाशीच्या मागणीबद्दल मला जे म्हणायचे आहे ते यातूनच निघते. संतापाला मी नावे ठेवीत नाही. असा गुन्हा ऐकून ज्याचे रक्त तापत नाही त्याच्याशी नीतीची चर्चा करण्यात अर्थ नाही. परंतु ‘याला लटकवा’ या घोषणेत एक घाई असते आणि ती न्यायाची घाई नसते. सारे पातक ताबडतोब एका मानेवर चढवून ती मान नाहीशी करावी, म्हणजे श्रेष्ठांचा अर्धा आणि सभासदांचा चौथा हिस्सा तिच्याबरोबरच नाहीसा होईल, अशी ती सोय असते. दिल्लीत १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री धावत्या खाजगी बसमध्ये जे अमानुष कृत्य झाले, त्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने २३ जानेवारी २०१३ रोजी दिलेल्या आपल्या अहवालात बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नाही आणि पोलीस, राज्यकर्ते, वाहतूकव्यवस्था यांच्या वाट्याला येणारा दोष मात्र विस्ताराने मांडला, हे त्या वेळच्या रस्त्यावरील जमावाला रुचले नाही. त्या प्रकरणातील चार दोषींना २० मार्च २०२० रोजी फाशी झाली. पण त्या रात्रीची दुसरी हकिकत किती जणांच्या स्मरणात आहे? बसमधून फेकून दिलेली ती तरुणी आणि तिचा सोबती विवस्त्र, रक्तबंबाळ अवस्थेत रस्त्याच्या कडेला पडलेले असता वाहने वेग कमी करीत, पाहत आणि पुढे जात, असे त्या सोबत्याने नंतर सांगितले. त्या वाहनांतील माणसांचा हिस्सा कोणत्या फासाने फेडला गेला?

आणि चौरंगाची मागणी करणारे ज्या रांझ्याच्या पाटलाचे उदाहरण देतात, ते शिवकालीन पत्रही नीट वाचण्याजोगे आहे. शिवाजीराजांनी ज्याचे हातपाय तोडविले तो कोणी वाटमाऱ्या नव्हता. गावची राखण ज्याच्याकडे वतनाने होती तो गावचा मोकदम होता, आणि ‘बदअमल’, म्हणजे दुराचार, हा त्याच्यावरचा ठपका होता. पाटलाकडून पाटीलकी काढून घेतली गेली. म्हणजे राजाने प्रथम आपल्याच व्यवस्थेतील राखणदाराकडे बोट दाखविले. हे उदाहरण आज ज्यांना द्यायचे असेल, त्यांनी ते शिक्षेपुरते न देता अधिकारपदाच्या जाबापर्यंत न्यावे.

येथे एक तात्त्विक अडचण उभी राहते आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्या अध्यात्माने साक्षित्वाला फार मोठे स्थान दिले आहे. मुंडकोपनिषदातील एकाच वृक्षावरच्या दोन पक्ष्यांपैकी एक फळ खातो आणि दुसरा नुसता पाहतो, आणि त्या पाहणाऱ्यातच आपण परमतत्त्व ओळखावे असे शिकवले जाते. सांख्यांचा पुरुषही असाच उदासीन द्रष्टा आहे. तर मग डब्यात नुसता पाहत राहिलेला प्रवासी हा काय दोष करतो? हा आक्षेप वाटतो तितका बालिश नाही, कारण ‘जे होते ते प्रारब्धाने होते, तिचे भोग होते’ या वाक्यात तो आपल्या घराघरांतून बोलला जातो. परंतु साक्षीची ती शिकवण साधकाला स्वतःच्या सुखदुःखाकडे, स्वतःच्या मनाच्या विकारांकडे तटस्थपणे पाहण्यासाठी दिलेली आहे. परक्याचे दुःख पाहताना गीतेच्या सहाव्या अध्यायाचा दंडक लागू होतो, आणि तो आपल्यावरून सर्वत्र सुखदुःख समान जाणणाऱ्यालाच श्रेष्ठ योगी म्हणतो. कर्मविपाकाचेही तसेच. आपल्यावर आलेल्या संकटाला धैर्याने सामोरे जाण्यासाठी कोणी तो सिद्धांत जवळ केला तर तो त्याचा आधार आहे. दुसऱ्याच्या संकटाकडे पाठ फिरविण्यासाठी केला तर तेच दुष्कर्म आहे. तटस्थता स्वतःविषयी राखली तर तप होते, पीडिताविषयी राखली तर क्रौर्य. हा भेद आपल्या कीर्तनकारांनी आणि प्रवचनकारांनी जितका उघडपणे सांगायला हवा होता तितका सांगितलेला मला आढळला नाही.

‘ती ओरडली नाही’ या आक्षेपाचे उत्तरही येथेच दिले पाहिजे. स्मृतिकारांनी धावण्याचे बंधन आक्रोशाशी जोडले खरे. पण भयाने कंठ दाटलेल्या माणसाचा आक्रोश बाहेर पडतोच असे नाही, हे कळायला शास्त्राध्ययनाची गरज नाही. महाराष्ट्राला तर हा धडा फार जबर किमतीने मिळालेला आहे. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोन्ही पोलिसांना सोडून दिले, कारण तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या. पुढच्या वर्षी विधीच्या चार अध्यापकांनी त्या निकालाविरुद्ध खुले पत्र लिहिले, देशभर चळवळ झाली आणि १९८३ साली कायदा बदलला. २०१३ च्या दुरुस्तीने तर स्पष्टच लिहिले की, शारीरिक प्रतिकार झाला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही. इतके सारे घडून गेल्यावर मंत्रिपदावरील व्यक्तीने प्रतिकाराचा हिशेब मांडावा, हे श्रेष्ठाच्या त्या अर्ध्या हिश्श्याचे मूर्तिमंत उदाहरण होय.

‘शक्ती असूनही’ ही मनूने घातलेली अट मला फार मोलाची वाटते. मुंबईत अंधेरीला ऑक्टोबर २०११ मध्ये मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना हटकले म्हणून दोन तरुणांना भोसकण्यात आले आणि दोघेही प्राणास मुकले. चार आरोपींना २०१६ साली जन्मठेप झाली. भर वस्तीत ही गोष्ट घडली आणि भोवतालची माणसे पाहत राहिली. अशा उदाहरणानंतर कोणा एकट्यादुकट्याला ‘तू का धावला नाहीस’ असे विचारण्याचा हक्क सहजासहजी मिळत नाही. परंतु शक्ती ही एकट्याच्या दंडातच असते असे नाही. दहा जणांनी एकदम उभे राहणे, साखळी ओढणे, गार्डला वर्दी देणे, पुढच्या स्थानकावर पीडितेबरोबर उतरणे, साक्ष देण्यासाठी तारखांना हजर राहणे, या साऱ्या शक्तीच्याच पायऱ्या आहेत आणि त्यांतील शेवटची, माझ्या मते, सर्वांत अवघड आहे. माणूस मुळातच भेकड असतो हा समज तरी आता सोडून द्यावा. ॲम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउन या शहरांतील रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या २१९ भांडणांचा जो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यात दहांपैकी नऊ प्रसंगी निदान एक तरी त्रयस्थ मध्ये पडल्याचे दिसून आले, आणि जितकी माणसे अधिक तितका मध्यस्थीचा संभवही अधिक आढळला.

गर्दीला शिस्त आणि कान दोन्ही देता येतात, हे महाराष्ट्राने तर शतकानुशतके करून दाखविले आहे. आळंदीहून पंढरीस निघणाऱ्या पालखीबरोबर लक्षावधी अनोळखी माणसे चालतात आणि त्यांत बायाबापड्यांची संख्या मोठी असते. मुक्कामी समाजआरतीला चोपदाराने दंड उंचावला की सारे टाळ बंद होतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते, आणि चोपदार तिच्याकडे जाऊन गाऱ्हाणे ऐकून घेतो. एवढ्या अफाट समुदायात पीडिताचा आवाज वेगळा ऐकू यावा म्हणून इतर सर्वांनी गप्प होण्याची ही तरतूद कोणा सरकारी दप्तरातून आलेली नाही. वारीतही गैरप्रकार होत नसतील असे मी म्हणत नाही. परंतु तेथे प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या दिंडीचा असतो आणि दिंडीला तिचा प्रमुख असतो. म्हणून हरवलेल्या म्हातारीची विचारपूस कोणी करायची, हा प्रश्न तेथे पडत नाही. लोकलच्या डब्यात रोज त्याच वेळी, त्याच दाराशी भेटणाऱ्या माणसांनाही असे परस्परांचे होता येते. भजनी मंडळ्यांनी आणि गाडीतल्या गटांनी ते केलेलेही आहे. उणीव राहते ती शेवटच्या गाडीतील, पहाटेच्या आगारातील, एकट्या प्रवाशाची.

मग न धावणाऱ्याला दंड करणारा कायदा आपल्याकडेही करावा काय? फ्रान्स आणि जर्मनी येथे संकटातील माणसाला मदत न करणे हा गुन्हा आहे, आणि याज्ञवल्क्याचे वचन त्यांच्या बाजूने उभे राहते. पुष्कळ विचारान्ती माझे मत याच्या विरुद्ध पडले आहे. आपल्या पोलिसी कारभारात असे कलम आले तर ते फलाटावर झोपणाऱ्या हमालावर, चहावाल्या पोरावर, फेरीवाल्या बाईवर पहिल्याने लागू होईल. गाडीची काच वर करून निघून गेलेल्या गृहस्थाला ते कधीच सापडणार नाही. आपल्या देशात माणूस मागे सरतो तो बहुधा गुंडाच्या सुऱ्यापेक्षा पोलीस ठाण्याच्या बाकाला भिऊन. रस्त्यावरील अपघातांपुरते हे भय सर्वोच्च न्यायालयाने ओळखले, मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्याच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत त्यासाठी १३४-अ हे कलम आले. जखमीला इस्पितळात पोहोचविणाऱ्याची जबरदस्तीने चौकशी होऊ नये, त्याला साक्षीसाठी अडकवून ठेवू नये, हे जर अपघाताच्या बाबतीत शक्य झाले, तर हल्ल्याच्या आणि अत्याचाराच्या प्रसंगी मध्ये पडणाऱ्यालाही तेच अभय लेखी मिळाले पाहिजे. त्याला दुखापत झाली तर औषधोपचाराचा खर्च आणि बुडालेली मजुरी सरकारी खजिन्यातून मिळाली पाहिजे. आणि डब्यातील त्या साखळीखाली, विनाकारण ओढणाऱ्याच्या शिक्षेच्या बरोबरीने, सकारण ओढणाऱ्यास कोणीही त्रास देणार नाही हे वाक्य तितक्याच ठळक अक्षरांत छापले गेले पाहिजे.